चेंडू स्टंपला लागतोय, तरी नॉटआऊट? ‘अंपायर्स कॉल’बद्दल आणि तुमच्या स्पर्धेतल्या रिव्ह्यूबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पायचीतच्या रिव्ह्यूमध्ये चेंडू स्टंपला लागताना स्पष्ट दिसतो, तरी ‘अंपायर्स कॉल’ म्हणून, म्हणजे मैदानावरच्या पंचांचा मूळ निर्णय कायम ठेवून, फलंदाज वाचतो. दुसऱ्या दिवशी तसाच चेंडू, पण मैदानावरच्या पंचांनी आधी बोट वर केलेलं, म्हणून तो आऊट. मग एवढं महागडं तंत्रज्ञान कशाला? आणि जोडप्रश्न असा की तुमच्या तालुक्याच्या टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धेचं यूट्यूबवर थेट प्रक्षेपण होतं, दोन कॅमेरे आहेत, तर तिथे रिव्ह्यू ठेवावेत का?

दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. कॅमेऱ्याने काय *पाहिलं* आणि काय *अंदाजाने काढलं*, यातला फरक टीव्हीच्या चित्रात दिसत नाही. तो कळला की पहिल्या प्रश्नातला राग बराच निवळतो. पूर्ण निवळत नाही, कारण थोडा राग रास्तही आहे. त्याकडे पुढे येतो.

आधी मापं बघू. तीन स्टंपांची मिळून रुंदी 22.86 सेंटिमीटर, जमिनीपासून उंची 71.1. चेंडूचा व्यास साधारण 7.2, म्हणजे त्रिज्या 3.6 सेंटिमीटर. चेंडू स्टंपला नुसता चाटून जायचा असेल, तरी त्याचा मध्यबिंदू स्टंपच्या बाहेरच्या कडेपासून 3.6 सेंटिमीटरच्या आत हवा. म्हणजे चेंडू स्टंपला कुठेतरी लागेल असा एकूण पट्टा 22.86 अधिक 7.2, जवळजवळ 30 सेंटिमीटर रुंद झाला. यातल्या मधल्या 22.86 मध्ये चेंडूचा मध्यबिंदू आला तर पडद्यावर सरळ ‘हिटिंग’ येतं आणि मैदानावरच्या पंचांनी काहीही दिलेलं असो, फलंदाज आऊट. दोन्ही बाजूंना उरलेल्या 3.6 सेंटिमीटरच्या पट्ट्यांत मध्यबिंदू आला तर ‘अंपायर्स कॉल’. वरच्या बाजूलाही तसंच.

‘अर्धा चेंडू लागायला हवा’ असं समालोचक म्हणतात ते हेच. त्यावरून बऱ्याच जणांचा समज होतो की अर्ध्याहून कमी चेंडू लागला तर बेल (स्टंपवरची आडवी दांडी) पडणार नाही, असं आयसीसीचं म्हणणं आहे. तसं कुणीच म्हणत नाही. चेंडूची कड लागली तरी बेल पडते, गल्लीतल्या पोरालाही ते ठाऊक आहे. प्रश्न बेल पडेल की नाही हा नाहीच. चेंडू खरंच तिथून गेला असता का, हा आहे.

कारण पॅडला लागल्यानंतर चेंडू कुठे गेला असता हे कुणीच पाहिलेलं नसतं. हॉक-आयचे, म्हणजे चेंडूचा माग काढणाऱ्या (ट्रॅकिंगच्या) यंत्रणेचे, कॅमेरे मैदानाभोवती उंचावर असतात. गोलंदाजाच्या हातातून सुटल्यापासून पॅडला लागेपर्यंत चेंडूची जागा ते पुन्हा पुन्हा मोजतात. तिथून पुढचा निळा किंवा लाल पट्टा म्हणजे गणित. आता हे गणित किती नाजूक आहे बघा. फलंदाज पुढे आलाय आणि पॅडला लागलेल्या जागेपासून स्टंप 2 मीटर मागे आहेत असं धरा. चेंडूच्या दिशेत फक्त एका अंशाची चूक झाली, तर 2 मीटर मागे स्टंपपाशी ती 3.5 सेंटिमीटर होते. म्हणजे चेंडूची त्रिज्या. म्हणजेच अंपायर्स कॉलचा अख्खा पट्टा.

एका अंशाची चूक रोज होते असं मी म्हणत नाही. यंत्रणा त्याहून पुष्कळ बरी आहे. पण चूक किती होईल ते परिस्थितीवर ठरतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टप्पा पडल्यापासून पॅडला लागेपर्यंत चेंडू किती अंतर चालला. टप्प्यावर चेंडू दिशा बदलतो, म्हणून नवी दिशा टप्प्यानंतरच्याच मार्गावरून काढावी लागते. उदाहरणादाखल मोजमापात 2 मिलिमीटरची चूक धरू. टप्प्यानंतर चेंडू दीड मीटर चाललेला असेल तर 2 मीटर मागे ही चूक तीनेक मिलिमीटर होईल. कुणाला पर्वा? पण फिरकीवर फलंदाज पुढे वाकलाय आणि टप्प्यानंतर चेंडू जेमतेम 40 सेंटिमीटर चालून पॅडला लागला, तर तीच 2 मिलिमीटरची चूक स्टंपपाशी एक सेंटिमीटर होते. यॉर्कर आणि फुलटॉसचं गणित आणखी वेगळं. पट्टा मात्र सगळ्यांना सारखाच 3.6 चा. प्रत्येक चेंडूला वेगळा पट्टा द्यायचं ठरवलं तर शास्त्राला धरून होईल, पण प्रेक्षकाला समजावता समजावता सामना संपेल.

यावर पूर्वी एक उपाय होता. 2011 च्या विश्वचषकात पॅड स्टंपपासून अडीच मीटरहून पुढे असेल तर ट्रॅकिंगवर विसंबून नॉटआऊट बदलायचा की नाही हे मैदानावरच्या पंचांवर सोडायचं, अशी अट होती. 27 फेब्रुवारी 2011 ला बंगळुरूत युवराजच्या गोलंदाजीवर इंग्लंडचा फलंदाज इयान बेल त्या अटीमुळे वाचला. पडद्यावर चेंडू स्टंपवर जाताना सगळ्या स्टेडियमने पाहिला आणि मग हे कलम बाहेर आलं. सामना 338 वर टाय झाला, धोनी चिडला. अट तर्काला धरून होती, पण लोकांच्या डोळ्यांसमोर दिसणाऱ्या चित्राशी तिचं जमलं नाही. अंपायर्स कॉलचं आजचं दुखणंही तेच आहे.

आता ‘एकाच चेंडूवर दोन निर्णय’ या मुद्द्याकडे. रिव्ह्यू म्हणजे नव्याने निवाडा, असं आपण धरून चालतो. नियमांनी तसं धरलेलं नाही. रिव्ह्यू हे अपील आहे. खालच्या कोर्टाचा निकाल फिरवायला वरच्या कोर्टाला ठोस कारण लागतं आणि ते नसेल तर खालचा निकाल कायम राहतो. वरच्या कोर्टाने त्यावर ‘बरोबर’ असा शिक्का मारला असा त्याचा अर्थ नाही. फिरवण्याइतका पुरावा मिळाला नाही, एवढंच. म्हणून 2017 पासून अंपायर्स कॉल आला की संघाचा रिव्ह्यू जात नाही. तुमची शंका रास्त होती हे त्यात मान्य केलेलं आहे.

27 ऑक्टोबर 2023 ला चेन्नईत पाकिस्तानविरुद्ध दक्षिण आफ्रिकेची शेवटची जोडी खेळत होती. हारिस रौफचा चेंडू शम्सीच्या पॅडला लागला, पंचांनी नॉटआऊट दिलं, ट्रॅकिंगमध्ये चेंडू लेग स्टंपला चाटून जाताना दिसला. अंपायर्स कॉल. पंचांनी बोट वर केलं असतं तर पाकिस्तान तिथेच जिंकलं असतं. आफ्रिका एका गड्याने जिंकली आणि पुढचे चार दिवस समाजमाध्यमांवर दुसरा विषय नव्हता. पण नियमाच्या बाजूने पाहिलं तर तिथे काहीच चुकलं नव्हतं. त्याच सामन्यात खरी चूक झाली ती व्हॅन डर डुसेनच्या पायचीतच्या वेळी. आधी एक अपुरं, चुकीचं चित्र पडद्यावर आलं, मग दुसरं आलं. आयसीसीने ते मान्यही केलं. फेब्रुवारी 2024 मध्ये राजकोट कसोटीत इंग्लंडच्या झॅक क्रॉलीच्या वेळी तसंच. आकडे अंपायर्स कॉल सांगत होते आणि चित्रात चेंडू स्टंपच्या बाहेरून जाताना दिसत होता. त्यांचा कर्णधार बेन स्टोक्सने त्यानंतर अंपायर्स कॉल काढूनच टाका अशी मागणी केली. माझ्या मते तिथे दोष चित्राचा होता, शिक्षा नियमाला मागितली गेली.

चर्चेत नेहमी राहून जाते ती गोष्ट म्हणजे हा पट्टा कायम तेवढाच नव्हता. 2016 च्या आधी मध्यबिंदू दोन टोकांच्या स्टंपांच्या *मध्यरेषांच्या* आत यावा लागे. म्हणजे खात्रीचा पट्टा साधारण 19 सेंटिमीटर आणि अंपायर्स कॉल दोन्ही बाजूंना साडेपाचाच्या आसपास. 2016 मध्ये ती मर्यादा स्टंपच्या बाहेरच्या कडेपर्यंत नेली. 2021 मध्ये आयसीसीच्या अनिल कुंबळे समितीने अंपायर्स कॉल ठेवला, पण उंचीची मर्यादा वर नेऊन स्टंपच्या टोकापर्यंत आणली, म्हणजे वरचा पट्टा बाजूच्या पट्ट्याएवढाच झाला. यंत्रणेवरचा विश्वास वाढला तशी पंचांची जागा आक्रसत गेली. ‘आयसीसी पंचांना पाठीशी घालते’ असं म्हणणाऱ्यांनी हे बदल कुणाच्या बाजूने झाले ते बघावं.

2025 मधला एक बदल तर बऱ्याच जुन्या प्रेक्षकांच्या लक्षातही आलेला नाही. फलंदाजाला झेलबाद दिलं, त्याने रिव्ह्यू घेतला, बॅट लागलेली नाही असं निघालं, मग पायचीत तपासलं आणि तिथे अंपायर्स कॉल आला, तर पूर्वी तो वाचायचा. कारण पायचीतसाठी पंचांचा मूळ निर्णय नॉटआऊट धरला जाई. आता तो ‘आऊट’ धरतात, म्हणजे फलंदाज जातो.

आता माझं मत. स्टंपवरचा अंपायर्स कॉल ठेवावा. तो काढला आणि ‘चाटलं तरी आऊट’ केलं, तर पायचीताचा पट्टा 23 चा 30 होतो. वळणाऱ्या खेळपट्टीवर फिरकीपुढे पॅड पुढे टाकून खेळणाऱ्याचं काय होईल याचा विचार करा. उलट ‘अर्ध्याहून कमी लागला तर नेहमी नॉटआऊट’ केलं, तर मैदानावरच्या पंचांनी योग्य दिलेले कितीतरी आऊट फलंदाज रिव्ह्यू घेऊन परत आणतील. दोन्हीकडे सुसंगती येईल, पण खेळ बदलेल.

*इम्पॅक्ट*चा अंपायर्स कॉल मात्र मला पटत नाही. पॅडला चेंडू लागला तेव्हा तो ऑफ स्टंपच्या रेषेत होता की बाहेर, इथे भविष्याचा अंदाज नाही. कॅमेऱ्याने ते पाहिलेलं आहे. दोन फ्रेममधला नेमका क्षण काढताना थोडी चूक होते, हे खरं, पण ती 3.6 सेंटिमीटरच्या जवळपासही जात नाही. टप्प्याच्या बाबतीत आपण हेच करतो. चेंडू लेगबाहेर पडला की नाही यात अंपायर्स कॉल नाहीच, मध्यबिंदू आत की बाहेर एवढंच. मग इम्पॅक्टलाही तोच न्याय लावायला काय हरकत आहे? स्टोक्सने ही मागणी केली असती तर मी त्याच्या बाजूने उभा राहिलो असतो.

थोडक्यात, तुमच्या प्रश्नातल्या दोघा फलंदाजांचा चेंडू ‘सारखा’ नव्हता. दोन्ही चेंडू यंत्रणेला खात्रीने सांगता येत नाही अशा जागेत होते, आणि तिथे आधी जे ठरलं ते राहिलं.

आता तुमच्या स्पर्धेचं. टेनिस चेंडूच्या बहुतेक स्पर्धांत पायचीत ठेवतच नाहीत. तुमच्याकडेही नसेल तर अर्धी डोकेदुखी मिटली. असेल तर कॅमेऱ्यावरून पायचीत मुळीच देऊ नका. कारण सांगतो. गोलंदाजाच्या मागचा कॅमेरा खेळपट्टीच्या मध्यरेषेपासून फक्त तीन अंश बाजूला असेल आणि पॅड स्टंपच्या 2 मीटर पुढे असेल, तर चित्रात चेंडू स्टंपच्या तुलनेत साडेदहा सेंटिमीटर सरकलेला दिसतो. स्टंपांच्या निम्म्या रुंदीएवढा. मधल्या स्टंपवरचा चेंडू लेग स्टंपवर दिसेल. आणि मांडवाच्या, झाडाच्या, साइडस्क्रीनच्या अडचणीमुळे तुमचा कॅमेरा तीन अंशांतही नसतो.

यष्टिरक्षकाच्या झेलासाठी आवाजावर विसंबू नका. सीमारेषेवर 60 मीटरवर ठेवलेल्या मोबाइलपर्यंत आवाज पोचायला जवळजवळ 0.175 सेकंद लागतो. 30 फ्रेमच्या चित्रात म्हणजे पाच फ्रेम. तेवढ्यात चेंडू बॅटच्या पुढे चार मीटर जातो. ‘चेंडू बॅटजवळ असताना आवाज आला नाही’ हे मग कशाच्या जोरावर ठरवायचं? अल्ट्राएजमध्ये, म्हणजे बॅटला चेंडू लागल्याचा आवाज टिपणाऱ्या यंत्रणेत, माइक स्टंपपाशी असतो आणि आवाज नि चित्र जुळवलेलं असतं, म्हणून ते चालतं. तरीही जुळवण्यात चुका होतातच.

जमिनीलगतचे झेल तर टाळाच. सपाट चित्रात बोटं चेंडूखाली असली तरी गवत दिसतं, झूम करावं तेवढी शंका वाढते. आंतरराष्ट्रीय क्रिकेटनेही यातल्या सॉफ्ट सिग्नलवर (तिसऱ्या पंचांकडे जाण्याआधी मैदानावरच्या पंचांनी दिलेल्या तात्पुरत्या कौलावर) बरीच वर्षं डोकेफोड करून जून 2023 मध्ये तो बंद केला.

उरतं ते धावबाद, यष्टिचीत आणि सीमारेषा. टीव्ही रिप्लेने पहिला गडी बाद झाला तोही धावबादच होता. 14 नोव्हेंबर 1992, डर्बन, आणि बाद झालेला फलंदाज आपला सचिन. धावबाद तुम्हाला नीट जमेल, पण काही गोष्टी जुळल्या तरच.

पहिली गोष्ट फ्रेमची. थेट प्रक्षेपण बहुधा 30 फ्रेमवर चालतं. धावणारा फलंदाज सेकंदाला सहाएक मीटर जातो, म्हणजे दोन फ्रेममध्ये तो 20 सेंटिमीटर सरकतो. एका फ्रेममध्ये बॅट बाहेर, पुढच्या फ्रेममध्ये आत आणि बेल मध्येच केव्हातरी पडलेली. 60 फ्रेमला हे अंतर 10 सेंटिमीटर होतं, 240 ला अडीच. म्हणून प्रक्षेपणाच्या चित्रावरून निर्णय घेऊ नका. प्रत्येक क्रीजसाठी एक वेगळा मोबाइल, स्लो मोशनला 240 वर, स्वतःच्या मेमरीत रेकॉर्ड करणारा ठेवा. आजचे मध्यम किमतीचे फोनही हे करतात. संध्याकाळी उजेड कमी झाला की चित्र फरफटतं, बॅटची कड पुसट होते. फ्लडलाइटखाली शेवटच्या सामन्यांत हे फार जाणवतं.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची जागा, आणि इथेच सगळे चुकतात. कॅमेरा पॉपिंग क्रीजच्या (धावबाद ठरवणाऱ्या, स्टंपच्या पुढच्या रेषेच्या) बरोबर रेषेत हवा. मार्ग सोपा आहे. क्रीजच्या दोन्ही टोकांना एकेक स्टंप उभा करा, सीमारेषेबाहेर जा आणि दोन स्टंप एकमेकांमागे लपतील तिथे ट्रायपॉड रोवा. मग स्टंप काढून घ्या. ट्रायपॉडच्या पायाभोवती चुन्याने खूण करा, कारण दुपारच्या जेवणानंतर कुणीतरी तो हलवणारच. कॅमेऱ्याची उंची कंबरेएवढी असली तर बॅट जमिनीला टेकली की हवेत आहे हे दिसतं. मांडवाच्या छतावरून ते कळत नाही. एकाच बाजूला कॅमेरा असेल तर फलंदाजाच्या पायामागे बॅट लपण्याचे प्रसंग येतील. ते येणारच हे आधीच गृहीत धरा.

तिसरी गोष्ट म्हणजे नेमकं काय बघायचं. बॅट किंवा शरीराचा काही भाग क्रीजच्या *आतल्या* कडेच्या मागे टेकलेला हवा. रेषेवर टेकला तर आऊट, रेषा पंचांची असते. आणि बेल हलली म्हणजे स्टंप पडला असं नाही. ती स्टंपच्या डोक्यावरून पूर्ण सुटायला हवी. ज्या फ्रेममध्ये ती पहिल्यांदा पूर्ण सुटलेली दिसते ती पकडा आणि त्याच फ्रेममध्ये बॅट बघा. लाइटवाले स्टंप असतील तर पहिला उजेड दिसलेली फ्रेम धरा, मात्र पुढे ती बेल खरंच पडली हे बघून घ्या. लाइट लागून बेल परत बसल्याचे प्रसंग होतात.

रिव्ह्यू किती द्यायचे हे तुमच्या वेळापत्रकावर आहे. दिवसाला सहाआठ सामने असतील तर प्रत्येक संघाला डावात एकच, चुकला तर गेला. मागायला 15 सेकंद, स्क्रीनवर बघणाऱ्याला दीड मिनिट. रिप्ले चालवणारा माणूस कुठल्याही संघाचा नसावा, आणि निर्णय देणारा पंच वेगळा, एक माणूस दोन्ही कामं करू शकत नाही. प्रेक्षकांसाठी मोठ्या पडद्यावर रिप्ले दाखवणार असाल तर निर्णय झाल्यावरच दाखवा.

आणि एक कलम आवर्जून घाला: दीड मिनिटात चित्र स्पष्ट नसेल, कॅमेरा अडलेला असेल किंवा रेकॉर्डिंगच नसेल, तर मैदानावरच्या पंचांचा निर्णय कायम, आणि रिव्ह्यू संघाकडे परत. हेही तुमचं अंपायर्स कॉलच झालं. नियमांच्या कागदावर ते छापा आणि पहिल्या नाणेफेकीआधी प्रत्येक कर्णधाराची त्यावर सही घ्या. फायनलच्या शेवटच्या षटकात तो कागद टेबलावर असेल याचीही व्यवस्था करा.